अर्थिंगचा खड्डा आणि ॲम्प्लिफायरची गुरगुर

१२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ४४४० आयसीचा तयार बोर्ड, दर्शनी बाजूला ब्लूटूथ-यूएसबीचे पॅनेल आणि हे सगळे बसवलेली पत्र्याची पेटी. लातूर-नांदेडकडे घरी किंवा दुकानात जुळवलेला असेंबल ॲम्प्लिफायर साधारण असा असतो. जवळच्या दुकानात न मिळालेले भाग हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतात. जोडणी झाली, आवाज आला, आणि त्याच्यासोबत घूं-घूं अशी गुरगुरही (हिलाच हम म्हणतात) आली की सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, घराचे अर्थिंग नीट नाही, खड्ड्यात मीठ-पाणी ओता. दुसरा म्हणतो, अर्थिंगमुळेच हम येतो, प्लगची तिसरी पिन काढून टाका. एकाच दुखण्यावर अर्थिंग वाढवणे आणि अर्थिंग तोडणे असे दोन उलटे उपाय सुचवले जातात आणि दोन्ही अधूनमधून लागू पडतात, तेव्हा निदानाचीच कुठेतरी गफलत झालेली असते. या विषयावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे लिहिले आणि मोजले गेले, त्यातून मला एकच गोष्ट निघताना दिसते. ॲम्प्लिफायरची शांतता पेटीतल्या प्रवाहांच्या वाटांवर ठरते, अंगणातल्या खड्ड्यावर नाही. खड्डा माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. ही दोन कामे वेगळी ठेवायला हवीत, आणि मराठवाड्याच्या जमिनीत तर त्याला पर्यायच नाही.

खड्ड्याचा शांततेशी संबंध नसतो याचा सर्वांत सोपा पुरावा प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलला अर्थिंग नसते, तरी इअरफोन लावून ऐकताना गुरगुर येत नाही. स्टिरिओ वाजणाऱ्या मोटारीची चाके रबराची, विमानातल्या यंत्रणेच्या खाली तर जमीनच नाही. मग घरच्या पेटीत हम येतो कुठून? ट्रान्सफॉर्मरमधून येणारा प्रवाह डायोडमधून कपॅसिटरमध्ये सतत वाहत नाही. व्होल्टेजच्या शिखरापाशी, दर सेकंदाला शंभर वेळा, दोन-तीन मिलिसेकंदांपुरता तो धक्क्यासारखा शिरतो. सर्किट सरासरी एक अँपियर घेत असेल तर या धक्क्यांची उंची सहज पाच-सहा अँपियर होते. हा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरने परत जातो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम, म्हणजे दहा सेंटिमीटरला १.७ मिलिओहम. त्यातून सहा अँपियर गेले की त्या तारेच्या दोन टोकांत दहा मिलिव्होल्टचा फरक पडतो. दोन्ही टोके सर्किटच्या नकाशात 'शून्य व्होल्ट' म्हणून एकाच चिन्हाने दाखवलेली असतात आणि मीटर लावला तरी रोध शून्यच दिसतो. तार मात्र तारच असते. इनपुटचा शिल्ड या तारेच्या एका टोकाला आणि आयसीचा शून्य दुसऱ्या टोकाला जोडला, तर तो दहा मिलिव्होल्टचा फरक गाण्यात मिसळून आत शिरतो आणि आयसी त्यालाही गाणेच समजते.

इथे ४४४० बोर्डाची गोष्ट विशेष आहे. सान्योच्या या एलए ४४४० आयसीचे विवर्धन ५१.५ डेसिबल, म्हणजे साधारण पावणेचारशे पट. तुलनेला, एलएम १८७५चे नेहमीचे सर्किट वीस पटीच्या आसपास असते. वीस पटीच्या सर्किटमध्ये एक मिलिव्होल्टची चूक स्पीकरवर वीस मिलिव्होल्ट होते, पावणेचारशे पटीत तीच चूक एक-तृतीयांश व्होल्टच्या वर जाते, आणि शांत खोलीत ती दारापर्यंत ऐकू येते. म्हणजे नवशिक्याच्या हाती स्वस्त म्हणून जो बोर्ड प्रथम पडतो, तोच जोडणीतली चूक सर्वांत कमी सहन करणारा आहे. आयसी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी पिन ३ प्री-ग्राउंडसाठी आणि पिन ८ व १४ पॉवर-ग्राउंडसाठी वेगळ्या दिल्या. लहान प्रवाहांचा शून्य आणि स्पीकरच्या मोठ्या प्रवाहाची परतीची वाट एकमेकांत मिसळू नये, एवढ्यासाठी आयसीच्या चौदा पायांतले तीन पाय त्यांनी खर्च केले. छापील बोर्डावर मात्र हे सारे पाय तांब्याच्या एकाच पट्टीवर आणून ठेवले की ती काळजी वाया जाते. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात दोन मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध पाच मिलिओहम भरतो, वर सांगितलेल्या तारेच्या तिप्पट.

यावर जुना आणि सर्वमान्य उपाय म्हणजे स्टार ग्राउंड. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कापडाच्या रस्त्यावरच्या गर्दीमुळे सराफ्याचा रस्ता तुंबत नाही, कारण दोघांची गाठ फक्त मधल्या गोलावर पडते. शून्याच्या तारांचेही तसेच करायचे: इनपुटची वेगळी, स्पीकरच्या परतीची वेगळी, ट्रान्सफॉर्मरची वेगळी, आणि सगळ्या एकाच बिंदूवर. एका तारेतला प्रवाह दुसरीत घुसत नाही. पुस्तके हेच शिकवतात आणि ते बरोबर आहे, पण अर्धे. दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे स्टार करूनही हम जात नाही आणि माणूस पुन्हा खड्ड्याकडे वळतो. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर यांच्यातल्या धक्क्यांच्या प्रवाहाने स्टारच्या बिंदूपर्यंत यायचेच नाही. त्याने आपले वर्तुळ कपॅसिटरच्या पायांपाशीच पूर्ण करायचे, आणि त्या कपॅसिटरच्या ऋण पायावरून एकच तार पुढे न्यायची. स्टारचा बिंदू ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्या मधल्या तारेवर घेणे ही हाताने जुळवलेल्या पेट्यांतली सर्वांत सहज होणारी चूक आहे, कारण नकाशात दोन्ही जागा सारख्याच दिसतात. शिवाय जाणारी आणि परतणारी तार एकमेकींना पीळ देऊन नेली नाही, तर त्यांच्यातल्या मोकळ्या जागेत ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र शिरते. तिथे तांबे कितीही जाड वापरले तरी फरक पडत नाही. जाड तारेने हम जातो हा समज म्हणूनच अर्धवट आहे. जाड तार रोध कमी करते, चुकलेली वाट सुधारत नाही.

प्रवाहांच्या वाटांचा हा विचार नवा नाही. राल्फ मॉरिसन यांनी १९६७ साली मापनयंत्रांच्या ग्राउंडिंगवर पुस्तक लिहिले, हेन्री ऑट यांचे विद्युत गोंगाटावरचे पुस्तक १९७६ साली आले. दोघांचाही भर एकाच प्रश्नावर आहे: हा प्रवाह जातो कुठे आणि परत येतो कुठून? ध्वनीच्या क्षेत्रात हा प्रश्न नेमका रुजायला मात्र १९९५ उजाडले. त्या वर्षी नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले की अनेक व्यावसायिक, महागड्या यंत्रांतही केबलचा शिल्ड पेटीच्या पत्र्याला न जोडता सरळ सर्किटच्या शून्याला नेलेला असतो. बाहेरून शिल्डवर आलेला कचरा त्यामुळे घराच्या ओसरीवर न थांबता थेट देवघरात जातो. मायक्रोफोनच्या तीन पायांच्या कनेक्टरमधला पहिला पाय शिल्डचा असल्याने 'पिन १'ची अडचण हे नाव त्याला चिकटले. २००५ साली त्याच सोसायटीने एईएस ४८ हे मानक काढून शिल्ड पेटीला जवळच्या जवळ जोडावा असे सांगितले. घरच्या कारागिराला यात दिलासा आहे, कारण मोठ्या कंपन्यांनीही वर्षानुवर्षे हीच चूक केली. पण एक रास्त आक्षेपही आहे. हे मानक मुख्यतः बॅलन्स जोडणीसाठी आहे, म्हणजे जिथे सिग्नलच्या दोन तारा आणि शिल्ड वेगळे असतात. आपल्या पेटीवर आरसीए सॉकेट असते, आणि तिथे शिल्ड हीच सिग्नलची परतीची तार असते. ती पत्र्याला बांधून टाकली तर पत्र्यावरचे प्रवाह सिग्नलमध्ये मिसळतात. म्हणून आरसीए सॉकेट पत्र्यापासून प्लास्टिकच्या वॉशरने अलग बसवायचे, त्याचा शून्य पिळलेल्या तारेने सर्किटवर न्यायचा, आणि सॉकेटपाशीच शून्य व पत्रा यांच्यात एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर टाकायचा. रेडिओ आणि मोबाइलचे उच्च कंप्रतेचे आवाज त्यातून पत्र्यावर उतरतात आणि ५० हर्ट्झला तो जवळजवळ बंद दरवाजा ठरतो.

आता तिसऱ्या पिनेची बाजू. ती काढली की हम थांबतो, हे खोटे नाही. आवाजाचा मिक्सर एका स्विचबोर्डातून आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डातून चालतो, दोघांनाही अर्थ आहे, आणि मध्ये शिल्ड वायर. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोडासा जरी फरक असला तरी शिल्डमधून प्रवाह फिरू लागतो. पन्नास मिलिअँपियर प्रवाह आणि जॅकच्या गंजासकट पन्नास मिलिओहम शिल्ड धरला तरी अडीच मिलिव्होल्ट होतात, आणि ३०० मिलिव्होल्टच्या गाण्याखाली ते फक्त ४२ डेसिबल दबलेले असतात. भजनाच्या दोन ओळींमधल्या विसाव्यात ते स्पष्ट ऐकू येतात. पिन काढल्यावर ही साखळी तुटते, म्हणून शांतता येते. प्रश्न असा की साखळी नेमकी कुठे तोडायची. तीच साखळी सिग्नलच्या बाजूने तोडता येते: केबलमध्ये ६००-६०० ओहमचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकून, किंवा बॅलन्स जोडणी करून, किंवा निदान पेटीच्या आत सर्किटचा शून्य आणि पत्रा यांच्यात दहा ओहमचा रोध घालून. या शेवटच्या उपायात रोधाला समांतर उलटसुलट जोडलेले जाड डायोड हवेतच, म्हणजे आत काही फुटले तर मोठा प्रवाह रोध जाळून मोकळा न होता डायोडमधून पत्र्यावर जाईल. पत्रा मात्र प्लगच्या तिसऱ्या पिनेला घट्टच बांधलेला हवा. त्यात रोध नाही, स्विच नाही. पिन काढणारा जी शांतता मिळवतो ती सगळी या मार्गांनीही मिळते. ट्रान्सफॉर्मरचे आतले आवरण जळल्यावर २३० व्होल्ट पत्र्यावर आणि शिल्डवाटे माइकच्या जाळीवर येण्याची सोय तेवढी राहत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. माइकला ओठ टेकवून गाणाऱ्या माणसाला हे सांगितल्यावर 'थोडा हम चालेल' असे तो स्वतःच म्हणेल.

इथे स्थानिक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे अर्थिंग कुठे असते? बोर्डात तिसरे भोक असते, त्याच्यामागे तार नसते, तार असली तरी खड्डा कोरडा असतो. मग पिन ठेवली काय, काढली काय? जमिनीचे गणित केले तर हा आक्षेप कुठपर्यंत खरा आहे ते कळते. तीन मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड गज ओल्या काळ्या मातीत, जिचा विशिष्ट रोध पन्नास ओहम-मीटर आहे असे धरू, ठोकला तर त्याचा रोध सुमारे सतरा ओहम येतो. तीच माती सुकून पाचशेवर गेली तर १६७ ओहम. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि गजापासून सुटते, आणि तिच्याखाली दख्खनचा कातळ आहे. गोदावरीकाठच्या नांदेडमधला खड्डा आणि बालाघाटच्या पठारावरच्या लातूरमधला खड्डा म्हणूनच सारखा मानता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने आणावे लागले, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा हा सल्ला कोण पाळणार? पण गणिताचा खरा धडा पुढे आहे. सतरा ओहमचा उत्तम खड्डा असला तरी पत्र्याला फेज लागल्यावर प्रवाह जेमतेम १३ अँपियर होतो. १६ अँपियरचा एमसीबी त्याने पडत नाही. १६७ ओहमला तर जेमतेम १.४ अँपियर, म्हणजे काहीच पडत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. खड्डा चांगला की वाईट हा वाद या पातळीवर निरर्थक आहे. दोन्ही स्थितींत कामाला येतो तो ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परतलेला प्रवाह यांतला फरक ओळखून सर्किट तोडणारा स्विच. पाचशे ओहमच्या रखरखीत खड्ड्यातही पत्र्यावर पंधरा व्होल्ट चढवण्याइतकी, म्हणजे ३० मिलिअँपियरची, गळती त्याला पुरते आणि तो सर्किट तोडतो. तेव्हा कोरड्या जमिनीमुळे तिसरी पिन बिनकामाची ठरत नाही. कोरड्या जमिनीत ती आरसीसीबीच्या जोडीनेच उपयोगी पडते, एवढेच.

एक शॉर्टकट मात्र कोणत्याही जमिनीत करू नये: बोर्डाच्या आतच न्यूट्रलवरून तिसऱ्या भोकाला तार टाकून 'अर्थिंग' तयार करणे. टेस्टरला आणि मीटरला ते अर्थिंगसारखेच दिसते. पण कधी वायरमनने फेज-न्यूट्रल उलटे जोडले किंवा मागे कुठे न्यूट्रल तुटले, की त्या भोकाला जोडलेल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि तेही कुठलीच वस्तू बिघडलेली नसताना. पिन काढण्यापेक्षा हे वाईट. शिवाय न्यूट्रलमधून पूर्ण घराचा प्रवाह वाहत असल्याने त्याच्यावर हम असतोच, आणि तो आता शिल्डवरही येतो. म्हणजे सुरक्षितताही गेली आणि शांतताही.

आणखी एक आक्षेप नव्या पिढीचा: हे सगळे लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या जमान्याचे झाले, आता एसएमपीएस आहे, क्लास-डी बोर्ड आहेत, दोन पिनांचा अडॅप्टर लावला की अर्थिंगचा प्रश्नच मिटला. चांगल्या प्रतीचा, मानकानुसार दुहेरी इन्सुलेशनचा अडॅप्टर असेल तर जिवाच्या बाजूने हे म्हणणे बरोबर आहे, आणि नवशिक्याने पहिली पेटी अशाच अडॅप्टरवर बांधावी असे माझे मत आहे. निदान २३० व्होल्टचे झाळकाम हातून होत नाही. शांततेच्या बाजूने मात्र प्रश्न फक्त रूप बदलतो. अशा अडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्या मध्ये एक लहान कपॅसिटर असतो. २.२ नॅनोफॅरड धरला तर २३० व्होल्टला त्यातून ०.१६ मिलिअँपियरपर्यंत प्रवाह झिरपतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवताना जी झिणझिण जाणवते ती हीच. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्स केबलने ॲम्प्लिफायरला जोडला की आवाजात किरकिर येते आणि चार्जर काढला की जाते, त्यामागेही हाच झिरपा आणि त्याच्यावर स्वार झालेला स्विचिंगचा कचरा आहे. ब्लूटूथ पॅनेलचे तर वेगळेच. ते ॲम्प्लिफायरच्याच सप्लायवरून ७८०५ रेग्युलेटर लावून चालवले की पॅनेलच्या डिजिटल भागाचा प्रवाह परत जाताना ऑडिओच्या शिल्डमधूनही वाट काढतो, आणि गाणे थांबल्यावर चिर्र-टिकटिक ऐकू येते. इथे स्टार करून फारसे काही मिळत नाही, कारण पॅनेलच्या बोर्डावर सप्लायचा शून्य आणि ऑडिओचा शून्य आधीच एक केलेले असतात. वाट तोडावीच लागते: पॅनेलला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर द्या, नाहीतर बी ०५०५ एस सारखे अलगावाचे छोटे मॉड्यूल बसवा. मग ऑडिओची केबल हीच दोघांमधली एकमेव गाठ उरते आणि तिच्यातून फिरायला प्रवाहाला दुसरे टोकच मिळत नाही.

इतके सगळे छोट्या कारागिराला परवडत नाही, असेही म्हणतात. हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. वर सांगितलेल्या बहुतेक उपायांत तार तीच, भाग तेच, फक्त जोडण्याची जागा बदलते. अडचण पैशाची नसून शोधण्याच्या पद्धतीची आहे. हम आला की आधी इनपुटचे टोक शून्याला जोडून पाहायचे. तरीही हम राहिला तर तो पेटीच्या आतला, आणि खड्डा, प्लग, शेजाऱ्याची मोटार हे सगळे निर्दोष सुटले. मग कान किंवा मोबाइलवरचे स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप: स्वर १०० हर्ट्झचा आणि खरखरीत असेल तर कपॅसिटरच्या धक्क्यांचा, ५० हर्ट्झचा आणि गोल असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राचा किंवा दोन यंत्रांमधल्या साखळीचा. व्हॉल्यूम फिरवल्यावर कमी-जास्त होत असेल तर व्हॉल्यूमच्या आधीचा, नसेल तर नंतरचा. दहा मिनिटांचे काम आहे. सरकारी बंधनाची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०१२च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात ॲम्प्लिफायर होते, पण २००० वॅट आणि त्यावरचे. घरी जुळवलेली पेटी त्या जाळ्यातून सहज निसटते, आणि तिची जबाबदारी झाळणाऱ्याच्या हातावर राहते.

सप्ताहाच्या किंवा लग्नाच्या मांडवात जनरेटरवर मात्र वरचे गणित लागू पडत नाही. भाड्याच्या लहान जनरेटरचे न्यूट्रल बऱ्याचदा कुठेच अर्थला बांधलेले नसते. तिथे पहिला बिघाड झाला तरी प्रवाहाला परतीची वाट नसल्याने शॉक जाणवत नाही, आरसीसीबी पडत नाही, आणि सगळे ठीक आहे असे वाटते. दुसऱ्या एखाद्या यंत्रात दुसऱ्या तारेचा बिघाड झाला की दोन पेट्यांच्या मध्ये पूर्ण व्होल्टेज उभे राहते, आणि आरसीसीबी तेव्हाही पडत नाही, कारण त्याच्या हिशेबात जितका प्रवाह गेला तितकाच परत आला. म्हणून जनरेटरचे न्यूट्रल जनरेटरपाशीच, एकाच ठिकाणी, त्याच्या सांगाड्याला बांधायचे, सांगाड्यापासून तिसऱ्या पिनेची तार सगळ्या बोर्डांपर्यंत न्यायची आणि आरसीसीबी त्या गाठीच्या पुढे बसवायचा. गज ठोकायला ओली जागा मिळाली तर ठोकावा, नाही मिळाली तरी ही गाठ आणि ही तार यांच्या जोरावर आरसीसीबी काम करतो. मिक्सर शेजारच्या घराच्या लाइनवर आणि ॲम्प्लिफायर जनरेटरवर, अशी विभागणी असेल तर मधल्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकल्याशिवाय जॅक घालू नये.